बाकावरचा क्वार्टरबॅक आणि सतरावा क्रमांक: ब्रेट फार्व्ह अदलाबदलीचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी १९९२मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील, म्हणजे एनएफएलमधील, ग्रीन बे पॅकर्स या संघाने अटलांटा फाल्कन्सकडून ब्रेट फार्व्ह नावाचा बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) घेतला आणि त्याच्या बदल्यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतील, पहिल्या फेरीची, सतराव्या क्रमांकाची निवड देऊन टाकली. आदल्या हंगामात फार्व्हने अटलांटासाठी एकूण चार पास टाकले होते. त्यांतला एकही सहकाऱ्याच्या हाती पडला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, आणि त्या दोहोंपैकी पहिला, जो त्याचा एनएफएलमधला पहिलाच पास होता, वॉशिंग्टनच्या बचावपटूने थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या शेवटच्या रेषेपलीकडे, नेला. एवढ्या भांडवलावर पहिल्या फेरीची निवड देणारा संघ ग्रीन बे ज्या राज्यात आहे त्या विस्कॉन्सिनमधल्या अनेक चाहत्यांना वेडा वाटला असल्यास त्यात नवल नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९५, १९९६ आणि १९९७ अशी सलग तीन वर्षे फार्व्ह लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला (तिसऱ्या वर्षी बॅरी सँडर्ससह विभागून), जानेवारी १९९७मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे पॅकर्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ३५-२१ असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि सप्टेंबर १९९२मध्ये सुरू झालेली सुरुवातीपासून खेळलेल्या सलग सामन्यांची त्याची मालिका डिसेंबर २०१०मध्ये खंडित झाली तेव्हा आकडा २९७वर पोहोचला होता. त्यामुळे हा सौदा नेहमी दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि त्याला जोडूनच एक प्रश्न विचारला जातो: दुसऱ्या संघाच्या बाकावर गुणी तरुण बसलेले सर्वांना दिसत असताना, असे सौदे वारंवार का होत नाहीत?

या अभ्यासात मी फार्व्हचे प्रकरण उलट्या बाजूने वाचले आहे. असे सौदे सर्रास व्हायला हवेत, असे या सौद्यावरून सिद्ध होत नाही. तो घडून येण्यासाठी किती अपवादात्मक गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागल्या हे तपासले की, एरवी ते का होत नाहीत याचे उत्तर हाती लागते.

विकणाऱ्याला काय माहीत असते

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. एनएफएलमध्ये महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, साधारणपणे आदल्या हंगामातला सर्वांत दुबळा संघ सर्वांत आधी, आणि निवडीचा हा हक्कच चलनासारखा वापरला जातो. संघांमधल्या अदलाबदलीत रोख पैशांऐवजी बहुधा हे हक्कच हातबदल होतात. सतरावा क्रमांक देणे म्हणजे त्या वर्षीच्या देशभरातल्या महाविद्यालयीन खेळाडूंपैकी, आधीच्या सोळा निवडी वगळून, हवा तो पहिला तरुण घेण्याचा हक्क सोडणे.

आता बाकावरच्या खेळाडूचा विचार करू. तो ज्या संघात आहे त्या संघाने त्याला शेकडो सरावांत पाहिलेले असते. सकाळच्या बैठकीला तो वेळेवर येतो का, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या चित्रफिती स्वतःहून पाहतो का, बचावाची मांडणी ऐन वेळी बदलली तर त्याच्या लक्षात येते का, चूक झाल्यावर पुढचा पास टाकताना त्याचा हात आखडतो का, हे सारे त्या संघाच्या प्रशिक्षकांना माहीत असते. बाहेरच्या संघाच्या हाती मात्र ऑगस्टमधल्या सराव सामन्यांच्या फिती असतात, आणि त्या सामन्यांतही तो दुसऱ्या संघाच्या राखीव खेळाडूंविरुद्धच खेळलेला असतो. पूर्वी असे चार सामने होत, २०२१पासून बहुतेक संघांना तीनच मिळतात.

बैलबाजारात गिऱ्हाईक दात मोजते, बैल चालवून पाहते, खांदा दाबून पाहते, आणि तरीही शेवटी एकच गोष्ट विचारते: चांगला आहे तर विकताय का? बाकावरच्या खेळाडूबाबत हाच प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथे चालवून पाहण्याची सोय जवळपास नसते. ज्या संघाला त्याच्याविषयी सर्वाधिक माहिती आहे तोच त्याला सोडायला तयार आहे, ही बाब स्वतःच एक प्रतिकूल पुरावा ठरते. मूळ संघ निवडीचा जो हक्क मागतो तो खरेदीदाराला परवडत असला, तरी ‘या किमतीला हे विकायला तयार आहेत’ एवढ्यानेच मालाविषयीचा त्याचा अंदाज खाली येतो. मग तो कमी किंमत देऊ करतो, ती विकणाऱ्याला पटत नाही, आणि सौदा फिसकटतो. दोन्ही बाजू प्रामाणिक असल्या तरी हेच घडते. कोणी कोणाला फसवत असण्याची गरज नाही.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो बहुतेक चर्चांतून सुटतो. मूळ संघाचे ज्ञानही पुरे नसते. राखीव क्वार्टरबॅक आठवडाभर ज्या तुकडीसोबत सराव करतो तिला स्काउट टीम म्हणतात. येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या चालींची नक्कल करून आपल्या बचावफळीला तयार करणे हे तिचे काम. म्हणजे हा मुलगा आठवडाभर पाठ्यपुस्तक परक्या संघाचे गिरवत असतो, आणि आपल्या संघाच्या चालींचा सराव मुख्यतः पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातो. कर्ट वॉर्नरचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९९४च्या उन्हाळ्यात पॅकर्सनेच त्याला सराव शिबिरातून घरी पाठवले होते. पुढे तो सेंट लुइस रॅम्सच्या बाकावर पोहोचला आणि फेब्रुवारी १९९९मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ नव्याने उभा राहत असताना रॅम्सने त्याला असुरक्षित यादीत ठेवले, म्हणजे क्लीव्हलँडला तो काहीही मोबदला न देता उचलता आला असता. त्यांनी उचलला नाही. ऑगस्टमध्ये रॅम्सचा पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन जायबंदी झाला, वॉर्नर मैदानात उतरला आणि त्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू व सुपर बोल विजेता ठरला. रॅम्सला तो इतका मोठा खेळाडू आहे हे कळले असते तर त्यांनी त्याला त्या यादीत ठेवले नसते. बाक हा अशा रीतीने दोन्ही बाजूंना अंधारात ठेवतो, फक्त खरेदीदार थोडा अधिक अंधारात असतो.

रॉन वुल्फला बाकाआधीचे काय माहीत होते

नोव्हेंबर १९९१च्या अखेरीस पॅकर्सने रॉन वुल्फ यांना जनरल मॅनेजर नेमले. त्याआधी ते न्यू यॉर्क जेट्समध्ये खेळाडू निवडीच्या कामावर होते, आणि या प्रकरणाची खरी सुरुवात तिथे, एप्रिल १९९१च्या ड्राफ्टमध्ये आहे. त्या वर्षी जेट्सकडे पहिल्या फेरीची निवड नव्हती. त्यांची पहिली निवड दुसऱ्या फेरीत, ३४व्या क्रमांकावर होती. वुल्फ यांच्या दृष्टीने सदर्न मिसिसिपी विद्यापीठाचा फार्व्ह हा त्या संपूर्ण ड्राफ्टमधला सर्वांत मोलाचा खेळाडू होता. जेट्सने वर सरकण्याचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही, आणि अटलांटाने ३३व्या क्रमांकावर, म्हणजे अगदी एक पाऊल आधी, फार्व्हला नेले. जेट्सला ब्राउनिंग नेगलवर समाधान मानावे लागले.

वुल्फ यांचे हे मत फार्व्ह बाकावर बसण्याच्या आधीचे होते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच आहे. बाकावर गेलेल्या वर्षाने फार्व्हविषयी जे काही प्रतिकूल सूचित केले असेल, त्याच्या विरुद्ध पारड्यात टाकण्यासाठी वुल्फ यांच्याकडे महाविद्यालयीन चित्रफितींचा स्वतःचा अभ्यास होता. त्यात १९९० सालचा तो प्रसंगही होता: जुलैमध्ये मोटार अपघात, ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया करून लहान आतड्याचा सुमारे ३० इंच भाग काढून टाकलेला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हाच मुलगा अलाबामासारख्या बलाढ्य विद्यापीठाविरुद्ध २७-२४ अशा विजयात संघाचे नेतृत्व करतो. बहुतेक संघांच्या दृष्टीने ड्राफ्टनंतर हे सारे जुने झाले होते, कारण त्यांना तेव्हा दुसरेच कोणीतरी अधिक आवडले होते. वुल्फ यांच्या लेखी ते जुने झाले नव्हते.

नेमणूक होऊन आठवडाही झाला नसेल तोच, १ डिसेंबर १९९१ रोजी, पॅकर्सचा सामना अटलांटात होता. फाल्कन्सच्या खेळाडू निवडीची जबाबदारी केन हेरॉक यांच्याकडे होती आणि त्यांचा व वुल्फ यांचा ओकलंड रेडर्सच्या दिवसांपासून परिचय होता. फार्व्हचा हात पाहायचा असेल तर संघ मैदानात येण्याआधीच पाहून घ्या, नंतर त्याला पास टाकू देणार नाहीत, असा निरोप हेरॉक यांनी दिल्याचे सांगितले जाते. या छोट्या तपशिलात प्रकरणाचा दुसरा धागा दडलेला आहे: ज्याने त्याला निवडले त्याला तो हवा होता, आणि ज्याच्या हाती मैदान होते त्याला तो नको होता. वुल्फ यांनी त्याच दिवशी पॅकर्सचे अध्यक्ष बॉब हार्लन यांना, आपण या मुलासाठी सौदा करणार असल्याचे सांगितले.

विकण्याचे कारण दिसत होते

अटलांटाचे मुख्य प्रशिक्षक जेरी ग्लॅनव्हिल यांचे आणि फार्व्हचे पटत नव्हते. तो रात्री उशिरापर्यंत बाहेर असे, बैठकांना उशीर करी, संघाच्या छायाचित्रालाही वेळेवर पोहोचला नव्हता. त्याने स्वतःही पुढे त्या वर्षातल्या आपल्या वागण्याचे समर्थन केलेले नाही. ग्लॅनव्हिल यांनी तर विमान कोसळले तरच त्याला खेळवीन, अशा आशयाचे उद्गार काढले होते. शिवाय अटलांटाचा पहिला क्वार्टरबॅक क्रिस मिलर त्या हंगामात उत्तम खेळत होता, संघ १० विजय मिळवून बाद फेरीत पोहोचला होता, आणि बिली जो टॉलिव्हरला आणल्यामुळे फार्व्ह दुसऱ्याऐवजी तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला होता.

खरेदीदाराच्या दृष्टीने ही माहिती अमूल्य होती. ‘चांगला आहे तर विकताय का?’ या प्रश्नाला इथे खेळाच्या गुणवत्तेबाहेरचे, स्वतंत्रपणे पडताळता येणारे उत्तर होते: प्रशिक्षकाला माणूस आवडत नाही. असे उत्तर मिळाले की विकण्याची तयारी हा दोषाचा पुरावा उरत नाही. (अर्थात उशिरा येणारा, पिणारा तरुण हाही दोषच आहे, आणि ती जोखीम वुल्फ यांनी पत्करली. फक्त ती उघड जोखीम होती आणि तिची किंमत लावता येत होती. खरेदीदाराला धास्ती असते ती झाकलेल्या जोखमीची.)

बहुतेक संघांकडे असे उघड कारण नसते. ते तरुणाला विकायला काढतात तेव्हा जे सांगतात ते असे: आमच्याकडे आधीच चांगला क्वार्टरबॅक आहे. हे खरे असते, पण पुरेसे नसते, कारण ज्याच्याकडे पहिला क्वार्टरबॅक चांगला आहे त्यालाच दुसऱ्याची सर्वाधिक गरज असते. हा खेळ हाडे मोडणारा आहे. अटलांटाचाच पुढचा हंगाम पाहा: १९९२मध्ये मिलर आठ सामन्यांनंतर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, संघाची घसरण १० विजयांवरून ६ विजयांवर झाली, आणि बाकावरचा जो मुलगा त्यांच्याकडे असू शकला असता तो तेव्हा ग्रीन बेमध्ये सामने जिंकत होता. राखीव खेळाडू हा मूळ संघासाठी विम्याचा हप्ता असतो, आणि विम्याचे मोल अपघात होण्याआधी कमीच वाटते. समंजस संघ म्हणूनच भरपूर किंमत मिळाल्याशिवाय त्याला सोडत नाहीत, आणि समंजस खरेदीदार त्याच कारणामुळे भरपूर किंमत देत नाहीत.

किंमत आणि ती देण्याचा अधिकार

डॅलस काउबॉइजमध्ये प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात निवडींच्या हक्कांचे मोल गुणांत मांडणारा एक तक्ता तयार झाला होता आणि पुढे तो लीगभर वापरला गेला. त्या तक्त्यानुसार ३३व्या क्रमांकाला ५८० गुण आहेत आणि सतराव्या क्रमांकाला ९५०. म्हणजे फार्व्हने एका वर्षात शून्य पास पूर्ण केले, दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांना दिले, प्रशिक्षकाची मर्जी गमावली, आणि त्याची किंमत जवळपास दोन-तृतीयांशाने वाढली. बाकावर बसून माणसाची किंमत सहसा अशी वाढत नाही. ती वाढली कारण एका खरेदीदाराच्या मनातली किंमत मुळातच ५८०च्या कितीतरी वर होती, आणि विकणाऱ्याला तो कोण हे ठाऊक होते.

ती किंमत देणे वुल्फ यांना दोन कारणांनी सोपे गेले. सतरावा क्रमांक पॅकर्सचा स्वतःचा नव्हताच. १९९१च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी आठव्या क्रमांकाची निवड फिलाडेल्फिया ईगल्सना दिली होती, तेव्हाच्या मोबदल्यात हा हक्क आलेला होता. स्वतःचा पाचवा क्रमांक शाबूत ठेवूनही त्यांच्याकडे पहिल्या फेरीत खर्चायला काहीतरी होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: हार्लन यांनी वुल्फ यांना फुटबॉलविषयक सर्व निर्णयांचे पूर्ण अधिकार दिले होते. पॅकर्स हा लोकांच्या मालकीचा संघ, आणि कार्यकारी समितीने खेळाच्या निर्णयांत लक्ष घालण्याची परंपरा तिथे जुनी होती. ती मोडून आलेल्या, आदल्या हंगामातल्या अवघ्या चार विजयांची कोणतीही जबाबदारी नसलेल्या नव्या मॅनेजरला चूक करण्याची मुभा होती.

ही मुभा बहुतेकांना नसते. ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड वाया गेली तर मॅनेजरला फारसे कोणी दोष देत नाही, कारण सर्वांच्याच निवडी वाया जातात. दुसऱ्या संघाने बाजूला सारलेल्या खेळाडूसाठी तीच निवड दिली आणि तो फसला, तर मात्र ते अपयश मॅनेजरच्या नावाने ओळखले जाते. नुकसान दोन्हीकडे सारखेच असते, दोष सारखा नसतो, आणि नोकरी दोषावर जाते.

सौदा ठरल्यावरही एक अडथळा आला. अशा प्रत्येक अदलाबदलीला नव्या संघाच्या वैद्यकीय तपासणीची अट असते, आणि पॅकर्सच्या डॉक्टरांना फार्व्हच्या कमरेच्या सांध्यात हाडाचा रक्तपुरवठा घटण्याचा विकार आढळला. नामांकित धावपटू बो जॅक्सनची फुटबॉल कारकीर्द जानेवारी १९९१मध्ये अशाच कारणाने संपली होती, त्यामुळे डॉक्टरांची शिफारस स्पष्ट होती. तपासणीत नापास करून सतरावा क्रमांक परत घेण्याचा मार्ग वुल्फ यांच्यापुढे कागदोपत्री खुला होता. त्यांनी डॉक्टरांचे म्हणणे बाजूला ठेवून सौदा पुरा केला. मला या प्रकरणात सर्वांत कमी अनुकरणीय वाटते ती हीच गोष्ट. फार्व्ह पुढे एकोणीस वर्षे खेळला यावरून तो वैद्यकीय निर्णय बरोबर होता असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की तो अंगाशी आला नाही.

ज्यांच्याकडे जुने ज्ञान नव्हते

तुलनेसाठी सहा वर्षांनंतरचा एक सौदा घेऊ. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सच्या बाकावर रॉब जॉन्सन हा १९९५च्या चौथ्या फेरीतला क्वार्टरबॅक होता. त्याच्या पुढे मार्क ब्रुनेल होता, जो स्वतः पॅकर्सच्या बाकावरून, फार्व्हच्या मागे बसून, १९९५मध्ये तिथे आलेला होता. ब्रुनेल जायबंदी असताना १९९७च्या पहिल्याच सामन्यात जॉन्सन बाल्टिमोरविरुद्ध खेळला आणि त्याने २४पैकी २० पास पूर्ण करून २९४ यार्ड मिळवले. त्याचा खेळ डोळे दिपवणारा होता. त्याच सामन्यात त्याचा घोटा मुरगळला आणि पुढे ब्रुनेल परतला, म्हणजे लीगपुढे त्याचा सुरुवातीपासूनचा पुरावा एका दुपारचा राहिला.

बफेलो बिल्सने १९९८मध्ये त्याच्यासाठी पहिल्या फेरीतली नवव्या क्रमांकाची निवड आणि चौथ्या फेरीतली आणखी एक निवड दिली. फार्व्हपेक्षा ही किंमत जास्त होती, आणि वरवर पाहता पुरावाही जास्त होता, कारण जॉन्सनने निदान एक सामना गाजवला होता. पण तो पुरावा सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेला होता, बफेलोचा स्वतःचा नव्हता. जॅक्सनव्हिलला जे माहीत होते आणि बफेलोला नव्हते ते पुढे मैदानात दिसले: चेंडू हातात फार काळ धरून ठेवण्याची सवय आणि त्यामुळे वारंवार होणाऱ्या दुखापती. पहिल्याच हंगामात तो बाहेर गेला आणि ३५ वर्षांच्या डग फ्लूटीने त्याची जागा घेतली. ८ जानेवारी २०००च्या बाद फेरीच्या सामन्यात प्रशिक्षक वेड फिलिप्स यांनी फ्लूटीऐवजी जॉन्सनला खेळवले, टेनेसी टायटन्सने शेवटच्या क्षणांत किकऑफवर मिळवलेल्या टचडाऊनने २२-१६ असा विजय मिळवला, आणि त्यानंतर बिल्सना बाद फेरीचा पुढचा सामना खेळायला २०१८चा जानेवारी उजाडावा लागला. जॅक्सनव्हिलने त्या नवव्या क्रमांकावर फ्रेड टेलर निवडला, ज्याने कारकिर्दीत ११ हजारांहून अधिक यार्डांची धाव घेतली.

दोन्ही सौद्यांतला फरक दैवाचा म्हणून सोडून देता येईल, आणि दोन उदाहरणांवर नियम उभारता येत नाही हेही खरे. तरी जे थोडे सौदे घडतात त्यांच्याकडे पाहिले तर एक ठसा पुन्हा पुन्हा उमटतो. एकतर खरेदीदाराने त्या खेळाडूला बाकाआधी जवळून पाहिलेले असते, किंवा विकण्याचे कारण इतके उघड असते की त्यातून गुणवत्तेविषयी काही सूचित होत नाही. दुसऱ्या प्रकारात २०१७चा जिमी गारोपोलोचा सौदा येतो: त्याच्यापुढे टॉम ब्रेडीसारखा अव्वल क्वार्टरबॅक होता, करार त्याच हंगामाअखेर संपत होता, आणि सॅन फ्रान्सिस्कोला न्यू इंग्लंडने त्याला दुसऱ्या फेरीच्या एका निवडीवर दिले.

आज फार्व्हचा सौदा अधिक कठीण का

१९९२मध्ये एनएफएलमध्ये वेतनमर्यादा, म्हणजे संघाने खेळाडूंच्या एकूण वेतनावर करायच्या खर्चाची मर्यादा, नव्हती. ती १९९४मध्ये आली, आणि खेळाडूंना आजच्यासारखे मुक्तपणे संघ बदलण्याचे स्वातंत्र्य १९९३मध्ये मिळाले. त्यामुळे वुल्फ यांनी फार्व्ह घेतला तेव्हा ते बरीच वर्षे टिकणारा हक्क घेत होते. आज ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, त्याचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार ठरलेले व तुलनेने स्वस्त असते, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूंपुरता असतो. तरुण खेळाडूचे मोल बहुतांशी या स्वस्त वर्षांत असते. तो तीन वर्षे दुसऱ्याच्या बाकावर बसला तर ती वर्षे मूळ संघाने, न वापरताच, संपवलेली असतात. खरेदीदार एक स्वस्त वर्ष आणि त्यानंतर एका न तपासलेल्या माणसाला मोठा करार देण्याचा पेच विकत घेतो. गारोपोलोच्या बाबतीत हा पेच आठ सामन्यांत सोडवावा लागला. त्याने सुरुवातीपासून खेळलेले पाचही सामने जिंकले आणि फेब्रुवारी २०१८मध्ये त्याला पाच वर्षांसाठी १३ कोटी ७५ लाख डॉलरपर्यंतचा करार मिळाला.

क्वार्टरबॅक सोडून इतर जागांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राखीव बचावपटू किंवा धावपटू हवा असेल तर ऑगस्टअखेर प्रत्येक संघ आपली यादी ५३ जणांवर आणतो, शेकडो तरुण एकाच दिवशी मोकळे होतात, आणि त्यांच्यावर हक्क सांगण्यासाठी बदल्यात काहीही द्यावे लागत नाही. थोडे थांबून जे फुकट मिळते त्यासाठी निवडीचा हक्क कोणी घालवत नाही.

सौद्यानंतर दोन्हीकडे

फार्व्हचा ग्रीन बेमधला आरंभही काही भव्य नव्हता. पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक डॉन मॅजकाउस्कीच होता. दुसऱ्या सामन्यात, टॅम्पा बेविरुद्ध, फार्व्हने एनएफएलमधला आपला पहिला पास पूर्ण केला तो स्वतःकडेच: बचावपटूला लागून उडालेला चेंडू त्यानेच झेलला आणि सात यार्ड मागे ढकलला गेला. पुढच्या रविवारी, २० सप्टेंबरला, सिनसिनाटीविरुद्ध मॅजकाउस्कीचा घोटा दुखावला. आत आलेल्या फार्व्हच्या हातून चेंडू वारंवार निसटत होता, आणि तरीही १३ सेकंद बाकी असताना त्याने किट्रिक टेलरला ३५ यार्डांचा टचडाऊन पास देऊन सामना २४-२३ असा जिंकून दिला.

अटलांटाने सतरावा क्रमांक डॅलसला दिला, दोन पायऱ्या खाली येऊन १९व्या क्रमांकावर टोनी स्मिथ हा धावपटू घेतला, जो योगायोगाने सदर्न मिसिसिपीत फार्व्हचाच सहकारी होता. तीन हंगामांत तो संपला. ग्लॅनव्हिल १९९३नंतर अटलांटात राहिले नाहीत.

वुल्फ मात्र पुढली नऊ वर्षे या बाजारात बहुधा विकणाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. फार्व्ह कधीच बसत नसल्याने त्याच्यामागे येणाऱ्या प्रत्येक तरुणाला ते शिकवून तयार करत आणि निवडींच्या बदल्यात देत: ब्रुनेल जॅक्सनव्हिलला, ॲरन ब्रूक्स न्यू ऑर्लिन्सला. विकण्याचे कारण इतके स्पष्ट होते की खरेदीदारांना शंका घ्यायला जागाच नव्हती. २००१मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, त्यांनी मॅट हॅसलबेक सिअॅटल सीहॉक्सला दिला आणि पहिल्या फेरीत १७व्या क्रमांकावरून १०व्या क्रमांकावर जाण्याचा हक्क व तिसऱ्या फेरीची एक निवड मिळवली. सिअॅटलचे सूत्रधार होते माइक होल्मग्रेन, ज्यांनी १९९८मध्ये ग्रीन बेचे प्रशिक्षक असताना हॅसलबेकला सरावात वर्षभर पाहिले होते. या वेळी गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्याइतकाच माहीत होता. हॅसलबेकने सिअॅटलला फेब्रुवारी २००६च्या सुपर बोलपर्यंत नेले, सिअॅटलच्या वाट्याला आलेल्या सतराव्या क्रमांकावरचा स्टीव्ह हचिन्सन पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि पॅकर्सने दहाव्या क्रमांकावर घेतलेला जमाल रेनॉल्ड्स त्यांच्यासाठी एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही.